सीपॅप मशीनसाठी बॅटरी बॅकअप

झोपेत घसा मिटून श्वास अडकत राहतो त्या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात, त्यावर रात्रभर मास्कमधून हवेचा दाब देणारं सीपॅप मशीन वापरतात, आणि लाइट गेली तरी ते चालू रहावं म्हणून घरात जो इन्व्हर्टर, बॅटरी किंवा पॉवर स्टेशन (बॅटरी आणि इन्व्हर्टर एकाच डब्यात) ठेवतात तो या मशीनचा बॅटरी बॅकअप. ही उपचारपद्धत ऑस्ट्रेलियातले डॉक्टर कॉलिन सुलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मधे मांडली. घरच्या बहुतेक मशीनमधे आतली बॅटरी नसतेच, त्यामुळे लाइट गेली की हवा बंद. माणूस गुदमरू नये म्हणून फुल फेस मास्कला बाहेरची हवा आत घेणारी झडप असते, पण त्यापुढची झोप पुन्हा जुनीच, घोरणं आणि दचकून उठणं.

निवड करताना सगळ्यात जास्त घोळ होतो तो वॉटचा. रेसमेड कंपनीच्या एअरसेन्स १० या सीपॅपच्या ॲडॉप्टरवर २४ व्होल्ट, ९० वॉट लिहिलेलं असतं, एअरसेन्स ११ वर ६५ वॉट. लोक ९० गुणिले ८ तास करतात, ७२० वॉट-तास काढतात आणि दुकानदार म्हणेल ती मोठी बॅटरी उचलतात. पण तो आकडा ॲडॉप्टर जास्तीत जास्त किती देऊ शकतो त्याचा आहे, मशीन रात्रभर तेवढं खात नाही. खरी वीज खातात ती ह्युमिडिफायरची (हवा ओलसर करणाऱ्या पाण्याच्या टाकीची) गरम प्लेट आणि गरम होणारी नळी. ती चालू असतील तर साधारण ३० ते ५० वॉट धरा, म्हणजे रात्रीला २५० ते ४०० वॉट-तास. दोन्ही बंद केली आणि मशीनवर दिसणारा दाब १० (सेंटिमीटर पाणी, हे सीपॅपचं माप) च्या आसपास असेल तर बऱ्याचदा १० वॉटच्या आतबाहेरच भागतं, म्हणजे रात्रीला १०० वॉट-ताससुद्धा लागत नाहीत. मास्क लीक होत असेल तर मात्र मोटर जास्त पळते आणि आकडा वाढतो. म्हणून काहीही विकत घेण्याआधी सॉकेटला लावायचा छोटा वॉटमीटर आणा आणि एक रात्र ह्युमिडिफायरसकट, एक रात्र त्याच्याशिवाय असं मोजा. ०.३ युनिट आलं तर ३०० वॉट-तास, इतकं सरळ आहे ते.

महाराष्ट्रात बऱ्याच घरी इन्व्हर्टर आधीपासून असतो, मग वेगळं काही घ्यायचं का हा खरा प्रश्न. १२ व्होल्ट १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्युब्युलर बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास, पण अशी लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवू नये आणि इन्व्हर्टरमधेही वीज वाया जाते, तेव्हा हातात साधारण ७०० उरतात. त्यावर ७५ वॉटचा जुना पंखा ८ तास फिरवला तर तो एकटाच ६०० खातो! म्हणजे मशीन बंद पडतं ते पंख्यामुळे. बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपास चालतो, तो लावला तरी निम्मा प्रश्न सुटतो. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच हवा, स्क्वेअर वेव्हवर ॲडॉप्टर गुणगुणतो, तापतो. आणि मागचं बटण यूपीएस मोडला ठेवा, नाहीतर लाइट जाताना मशीन मधेच रीस्टार्ट होऊ शकतं.

दुसरा मार्ग थेट डीसीचा, म्हणजे मधे इन्व्हर्टर न घालता बॅटरीवरूनच मशीन चालवायचा, माझ्या मते फक्त सीपॅपसाठी हाच सरस. बॅटरीचं डीसी इन्व्हर्टरने एसी करायचं आणि ॲडॉप्टरने परत डीसी, यात फुकट वीज जाते, काही इन्व्हर्टर तर रिकामे चालतानाच ह्युमिडिफायर बंद असलेल्या सीपॅपएवढी खातात. फिलिप्सचं ड्रीमस्टेशन १२ व्होल्टवर चालतं, एअरसेन्सला २४ लागतात, म्हणून कंपनीचाच डीसी कन्व्हर्टर घ्या, जुगाडाची पिन नको. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची असेल तर उत्तम, जास्त खोलवर वापरता येते, डिस्टिल्ड वॉटरची भानगड नाही. राउटरचा १२ व्होल्ट २ अँपिअरचा छोटा यूपीएस मात्र या कामाचा नाही. पॉवर बँकवरच्या एमएएचलाही भुलू नका, २०,००० एमएएच म्हणजे ३.७ व्होल्टने फक्त ७४ वॉट-तास. काही पॉवर स्टेशन इको मोडमधे लोड फार कमी दिसला की स्वतःच बंद होतात, तो मोड झोपण्याआधी काढा.

ह्युमिडिफायर बंद ठेवणं कोकणात पावसाळ्यात सहज जमतं, हवाच ओली असते. विदर्भात एप्रिल-मेमधे नाक कोरडं पडून त्रास होतो, तिथे थोडी मोठी बॅटरी घ्या. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड-रत्नागिरीतल्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे लाइट नव्हती, अशा भागात एका रात्रीचा बॅकअप पुरत नाही, सोलर पॅनल किंवा गाडीवर चार्ज होईल अशी सोय हवीच. विमानात १०० वॉट-तासापर्यंतची लिथियम बॅटरी हँडबॅगेत नेता येते, १०० ते १६० ला एअरलाइनची परवानगी लागते, चेक-इन बॅगेत सुटी बॅटरी चालतच नाही.

बायपॅपवर (श्वास घेताना आणि सोडताना वेगवेगळा दाब देणारं मशीन) किंवा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असलेल्या पेशंटला यातलं गणित लागू करू नका. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर ३०० वॉटच्या घरात जातो, आणि तिथे हवा थांबणं जिवावर बेतू शकतं, त्यांचा बॅकअप डॉक्टरांशी बोलूनच ठरवावा, एक बंद पडला तर दुसरा असा. सीपॅपवाल्यांनी बॅटरी आल्यावर लाइट असतानाच एक पूर्ण रात्र फक्त बॅटरीवर काढावी आणि सकाळी किती टक्के उरली ते डब्यावर लिहून ठेवावं, सहा महिन्यांनी तीच चाचणी केली की बॅटरी किती थकली ते लगेच कळतं.