डचांचा किल्ला: बांधलेला आणि मंजुरीला पाठवलेला

मोजणीचा नकाशा काय असतो हे हद्दीवरून भांडलेल्या मराठी माणसाला सांगायला नको: जागेवर आहे ते मोजायचं आणि कागदावर उतरवायचं. डच ईस्ट इंडिया कंपनीची माणसंही तेच करत. माप तेवढं ऱ्हाइनलँडच्या काठीचं, साधारण ३.७७ मीटरची एक.

घोळ होतो तो दुसऱ्या प्रकारात. कंपनीचे इंजिनिअर न झालेल्या बांधकामाचेही तितकेच रेखीव नकाशे काढत. खर्चाला मंजुरी बटाव्हियाहून (आजचं जकार्ता, कंपनीचं आशियातलं मुख्य ठाणं) किंवा थेट नेदरलँड्सहून यायची, तेव्हा कागद देखणा हवाच. त्यावरही प्रमाणपट्टी असते आणि बुरुजांची नावंही असतात. म्हणून ‘स्केल दिलंय, म्हणजे मोजून काढलाय’ हा युक्तिवाद ऐकला की माझं डोकं उठतं.

श्रीलंकेतलं जाफना घ्या. १६५८ साली डचांनी पोर्तुगीजांचा चौकोनी किल्ला घेतला आणि त्या जागी पंचकोनी बांधला. मुख्य तट सतराव्या शतकातच उभा राहिला, पण खंदकापलीकडची, किल्ल्याला चांदणीचा आकार देणारी बाहेरची तटबंदी पुरी व्हायला १७९२ उजाडलं. आता त्याआधीच्या एखाद्या नकाशात ती चांदणी अख्खी दिसली, तर तो बेत आहे, पुरावा नव्हे. (तीनच वर्षांनी किल्ला इंग्रजांकडे गेला, हा भाग वेगळा.)

ओळखायचं कसं? आधी रंग बघा. त्या काळच्या लष्करी नकाशांत झालेलं दगडी काम बहुधा तांबडं आणि योजलेलं पिवळं असे. एकाच कागदावर दोन्ही सापडतात, कारण जुन्या तटाला नवी जोड सुचवलेली असते. तुटक रेघ मात्र फसवी: ती योजलेल्या भिंतीची असू शकते, तशीच पाडलेल्या भिंतीचीही. तिथे कोपऱ्यातली सूची, म्हणजे नकाशावरच्या कुठल्या अक्षराचा अर्थ काय ते सांगणारी यादी, वाचण्यावाचून गत्यंतर नाही. तारखेवर विसंबू नका, पुष्कळदा ती नक्कल केल्याची असते.

म्हणूनच हे नकाशे काळ्या-पांढऱ्यात छापणाऱ्यांचा मला राग येतो. तांबडं-पिवळं दोन्ही करडं झालं की उरतं काय? वर सूची कापून टाकायची! मग कुणीतरी तोच तुकडा उपग्रहचित्रावर बसवतो, तट जुळत नाही, आणि ‘इंग्रजांनी पाडला’ असं लिहून मोकळा होतो. कोचीतल्या डच किल्ल्याचा तट १८०६ मध्ये इंग्रजांनी खरोखरच उडवला, त्यामुळे तिथे ही थाप सहज खपते.

पुस्तकांतली गलबतं-नारळवाली कोरीव दृश्यं यात धरलेलीच नाहीत. ती भिंतीवर लावा.