विमानतळ प्राधिकरणात हवाई वाहतूक नियंत्रक होण्यासाठी: पात्रता, कागदपत्रे आणि निवडीचे टप्पे

भारतातील बहुतेक नागरी विमानतळांवरील हवाई वाहतूक नियंत्रणाचे, म्हणजे वैमानिकांना रेडिओवरून उड्डाण, मार्ग व उतरण्याच्या सूचना देण्याचे काम भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आहे. 1 एप्रिल 1995 रोजी अस्तित्वात आलेला हा केंद्र सरकारचा सार्वजनिक उपक्रम असल्यामुळे या सेवेत प्रवेश करू इच्छिणाऱ्या तरुणांसाठी प्राधिकरणाची थेट भरती हाच मुख्य मार्ग ठरतो. पुण्याचे लोहगाव विमानतळ याला अपवाद आहे, कारण तेथील नियंत्रण हवाई दलाकडे असते. नाशिकजवळील ओझर विमानतळ हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या ताब्यात आहे. ज्यांना गणवेशातील सेवा हवी आहे त्यांच्यासाठी हवाई दल व नौदल यांच्या अधिकारी भरतीचा मार्ग वेगळा आहे. येथे विचार फक्त नागरी सेवेचा केला आहे.

या पदाचे अधिकृत नाव ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह (एअर ट्रॅफिक कंट्रोल) असे आहे. जागांची संख्या प्रत्येक वेळी बदलते: 2022 च्या जाहिरातीत 400, 2023 मध्ये 496, तर 2025 मध्ये 309 पदे होती. प्राधिकरण अभियांत्रिकी शाखांतील काही पदे गेट परीक्षेच्या गुणांवर भरते, मात्र या तिन्ही भरतींत नियंत्रकपदासाठी स्वतंत्र संगणकीय परीक्षा घेण्यात आली. खासगी संस्थेचा नियंत्रक अभ्यासक्रम पूर्ण केल्याने या भरतीत कोणतीही सवलत मिळत नाही, त्यामुळे लाखभर रुपये भरून असे प्रमाणपत्र घेण्यापूर्वी जाहिरातीतील पात्रतेचा परिच्छेद एकदा स्वतः वाचावा.

शैक्षणिक पात्रतेचे दोन पर्याय आहेत. पहिला, भौतिकशास्त्र आणि गणित हे दोन्ही विषय असलेली तीन वर्षांची पूर्णवेळ, नियमित बी.एस्सी. पदवी, दुसरा, अभियांत्रिकीच्या कोणत्याही शाखेची पूर्णवेळ, नियमित पदवी, ज्यात कोणत्या तरी सत्राच्या अभ्यासक्रमात हे दोन विषय असले पाहिजेत. याखेरीज दहावी किंवा बारावीला इंग्रजी विषय उत्तीर्ण असावा लागतो आणि बारावीच्या पातळीचे इंग्रजी बोलता व लिहिता येणे अपेक्षित असते. विज्ञान शाखेच्या नावाखाली येणाऱ्या, पण भौतिकशास्त्र किंवा गणित यांपैकी एखादा विषयच नसलेल्या पदव्या या अटीत बसत नाहीत.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ही अट सोपी वाटते आणि बहुतेकांच्या बाबतीत ती सोपीच असते, कारण हे दोन्ही विषय पहिल्या वर्षाच्या गुणपत्रिकेत दिसतात. पदविकेनंतर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतलेल्यांकडे मात्र पदवीच्या पहिल्या वर्षाची गुणपत्रिका नसते आणि पुढील सत्रांत गणित असले तरी भौतिकशास्त्र बहुधा नसते. अशा उमेदवारांनी अभ्यासक्रमाची प्रमाणित प्रत आणि त्यात हे विषय कोणत्या सत्रात आहेत हे सांगणारे महाविद्यालयाचे पत्र आधीच मिळवून ठेवणे शहाणपणाचे आहे. ज्यांच्या विद्यापीठात श्रेणी पद्धत आहे त्यांनी श्रेणीचे टक्केवारीत रूपांतर करण्याच्या सूत्राचे पत्रही घेऊन ठेवावे.

वयाची कमाल मर्यादा 27 वर्षे असून ती अर्जाच्या अंतिम तारखेला मोजली जाते. इतर मागासवर्गीयांना 3 वर्षे, तर अनुसूचित जाती व जमातींना 5 वर्षे सवलत मिळते, परंतु ती त्या प्रवर्गासाठी राखीव असलेल्या जागांपुरतीच. जन्मतारखेचा पुरावा म्हणून दहावीचे प्रमाणपत्र धरले जाते. त्यावरील नाव पदवीवरील नावाशी जुळत नसल्यास नावबदलाचे राजपत्र किंवा विवाह प्रमाणपत्र जवळ हवे.

महाराष्ट्रातील उमेदवारांनी सर्वांत अधिक लक्ष जातीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्यांकडे द्यावे, कारण राज्याच्या भरतीसाठी काढलेला दाखला येथे जसाच्या तसा चालत नाही. दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यातच लागतो, त्यामुळे सेतू केंद्रात अर्ज करतानाच तसे स्पष्ट सांगावे. विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग यांना केंद्रीय भरतीत स्वतंत्र आरक्षण नाही. यांतील ज्या जाती केंद्राच्या इतर मागासवर्गीय यादीत आहेत त्यांनी त्या प्रवर्गातून, नॉन-क्रिमिलेअर दाखल्यासह अर्ज करावा. राज्याचा एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) प्रवर्गही येथे लागू होत नाही. त्या उमेदवारांना अटी पूर्ण होत असल्यास आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातून अर्ज करता येतो.

नॉन-क्रिमिलेअर आणि दुर्बल घटक या दोन्ही ठिकाणी 8 लाख रुपयांचा आकडा येतो, तरी हिशेब निराळा आहे. नॉन-क्रिमिलेअरसाठी केंद्राच्या नियमानुसार आईवडिलांचे वेतन व शेतीचे उत्पन्न या 8 लाखांत धरले जात नाही. दुर्बल घटकासाठी मात्र कुटुंबाचे सर्व मार्गांचे उत्पन्न मोजले जाते आणि कुटुंबाकडे पाच एकर किंवा त्याहून अधिक शेतजमीन असल्यास उत्पन्न कितीही कमी असले तरी पात्रता संपते. हा दुसरा दाखला ठरावीक आर्थिक वर्षापुरता असतो, म्हणून मागच्या वर्षीचा दाखला जोडण्याची घाई करू नये.

अर्ज फक्त प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरील करिअर विभागातून, ऑनलाइन स्वीकारला जातो. शुल्क 1,000 रुपये आहे; महिला, अनुसूचित जाती व जमाती, दिव्यांग आणि प्राधिकरणात एक वर्षाची शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेले उमेदवार यांना ते माफ असते. पुढील सर्व सूचना ई-मेल आणि संकेतस्थळावरून येत असल्यामुळे नेट कॅफेवाल्याचा पत्ता किंवा मोबाइल क्रमांक अर्जात भरू नये. सरकारी किंवा सार्वजनिक उपक्रमात आधीच नोकरी करणाऱ्यांना कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि ते मिळण्यास वेळ जातो, हे गृहीत धरावे. शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांनी निकालाच्या तारखेसंबंधीची अट आधी तपासावी.

परीक्षा 120 गुणांची, 120 प्रश्नांची आणि दोन तासांची असते. निम्मे गुण भौतिकशास्त्र व गणित यांना असून उरलेल्या 60 गुणांत इंग्रजी, बुद्धिमत्ता, अंकगणित आणि सामान्य ज्ञान येते. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत.

गुणवत्तेनुसार पुढे आलेल्यांची कागदपत्र पडताळणी, आवाजाची चाचणी, मादक द्रव्यांच्या सेवनाची तपासणी, मानसशास्त्रीय मूल्यमापन, वैद्यकीय तपासणी आणि पूर्वचारित्र्य पडताळणी होते. आवाजाच्या चाचणीत उच्चारांची स्पष्टता आणि बोलण्यातील अडखळ पाहिली जाते. प्रादेशिक ढंग असल्याने कोणी घाबरून जाण्याचे कारण नाही. वैद्यकीय निकषांबाबत गैरसमज बरेच आहेत. नियंत्रकांसाठीच्या आंतरराष्ट्रीय तृतीय वर्ग निकषांनुसार प्रत्येक डोळ्याची दूरची दृष्टी 6/9 किंवा त्याहून चांगली आणि दोन्ही डोळ्यांची मिळून 6/6 असावी लागते, पण ती चष्म्यासह असली तरी चालते. खरी अडचण रंगज्ञानातील दोष आणि श्रवणदोष यांची असते, म्हणून तयारीवर वर्षभर खर्च करण्यापूर्वी नेत्रतज्ज्ञाकडून रंगज्ञानाची तपासणी करून घेणे हिताचे आहे.

निवड झाल्यावर प्राधिकरणाच्या प्रयागराज, हैदराबाद किंवा आपल्या गोंदियातील प्रशिक्षण संस्थेत प्रशिक्षण होते. 2023 च्या जाहिरातीनुसार उमेदवाराला प्रशिक्षणानंतर तीन वर्षे सेवा करण्याचे 7 लाख रुपयांचे बंधपत्र द्यावे लागते. पदाची वेतनश्रेणी 40,000 ते 1,40,000 रुपये आहे आणि भत्ते धरून एका कर्मचाऱ्यावरील वार्षिक खर्च (सीटीसी) सुमारे 13 लाख रुपये असल्याचे प्राधिकरण जाहिरातीत नमूद करते; ही रक्कम हातात येणारे वेतन नव्हे. प्रशिक्षण संपले म्हणजे मायक्रोफोन हाती आला, असेही नाही. परवान्यासाठी किमान वय 21 आहे, इंग्रजी प्रावीण्याची किमान चौथी पातळी लागते आणि ती दर तीन वर्षांनी पुन्हा सिद्ध करावी लागते. विमानतळ, आगमन-निर्गमन आणि विस्तीर्ण हवाई क्षेत्र यांच्या नियंत्रणासाठी स्वतंत्र मानांकने (परवान्यावरील त्या-त्या कामाच्या नोंदी) असून प्रत्यक्ष केंद्रावर देखरेखीखाली काम केल्यानंतरच ती मिळतात. नेमणूक देशात कोठेही होऊ शकते आणि पाळ्यांमध्ये रात्रपाळीही येते, त्यामुळे घराजवळची नोकरी हीच ज्यांची पहिली गरज आहे त्यांनी बंधपत्रावर सही करण्यापूर्वी घरच्यांशी सविस्तर बोलून घ्यावे.