‘जीसीएस किती?’ या प्रश्नामागचा इतिहास

डोक्याला मार लागलेला पेशंट आला की फोनवर पहिला प्रश्न येतो, जीसीएस (ग्लासगो कोमा स्केल, म्हणजे पेशंट किती शुद्धीत आहे हे मोजायची पट्टी) किती? १९७४ च्या आधी मात्र हे विचारायची सोयच नव्हती.

मेंदूची तपासणी तशी फार जुनी. इजिप्तच्या एडविन स्मिथ पपायरस या वैद्यकीय हस्तलिखितामध्ये, म्हणजे इ.स.पू. १६०० च्या आसपास, ४८ केसेस आहेत आणि त्यातल्या पहिल्या २७ डोक्याच्याच जखमांच्या. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हार्वी कुशिंग या अमेरिकन मेंदूच्या सर्जनने दाखवलं की कवटीतलं प्रेशर वाढलं की बीपी चढतं आणि नाडी मंदावते. डोळ्यांच्या बाहुल्या बघणंही होतंच. पण शुद्ध किती आहे हे लिहायची वेळ आली की सगळा गोंधळ, एकजण ‘गुंगीत’ लिहिणार, दुसरा त्यालाच ‘अर्धवट बेशुद्ध’ म्हणणार, मग ड्यूटी बदलली की पेशंट खालावला की शब्द बदलला हेच कळायचं नाही. कवटीच्या आत रक्त साचत असेल तर पेशंट आधी नीट बोलतो आणि मग काही तासांत खाली जातो, आणि सीटी स्कॅन तर माणसावर पहिल्यांदा १९७१ मध्ये झाला, त्यामुळे पुन्हापुन्हा बघणं हाच मुख्य आधार.

ग्लासगोच्या ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या मेंदूच्या सर्जननी १९७४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे स्केल मांडलं. डोळे कधी उघडतो, बोलतो काय, हातपाय कसे हलवतो, बस एवढंच. भुवईच्या हाडावर दाबलं की हात गळ्याच्या वर येऊन तुमचा हात हटवायला बघतो, ते मोटर, म्हणजे हालचालीचे मार्क, ५. नुसता कोपरात दुमडून मागे घेतो, ते ४. हे नवीन नर्सलाही जमतं, आणि माझ्या मते या स्केलचं खरं यश हेच.

मूळ पेपरमध्ये बेरीज नव्हतीच बरं का. तिन्ही भागांचे मार्क मिळवून ३ ते १५ चा टोटल नंतर आला, रिसर्चमध्ये तुलना सोपी जावी म्हणून, आणि मग तोच सगळीकडे रूढ झाला. हे मला मनापासून खटकतं, कारण (ई म्हणजे डोळे, व्ही बोलणं, एम हालचाल) ई२ व्ही२ एम५ पण ९ आणि ई४ व्ही१ एम४ पण ९, पण हे दोन पेशंट अजिबात सारखे नाहीत. श्वासासाठी घशात ट्यूब टाकलेली असेल तर बोलणं तपासताच येत नाही, तिथे १ टाकून बेरीज केली की चित्र अजून बिघडतं.

२०१४ मध्ये टीसडेल यांनीच सहकाऱ्यांसोबत शब्द सुधारले, ‘वेदना’च्या जागी ‘दाब’ आला आणि जे तपासता येत नाही तिथे आकडा न टाकता तसंच लिहायचं ठरलं. २०१८ मध्ये बाहुल्याही हिशोबात आल्या, जितक्या बाहुल्या उजेडाला रिस्पॉन्स देत नाहीत तितके मार्क वजा, म्हणजे बाहुल्या धरून काढलेल्या या स्कोअरमध्ये (जीसीएस-पी) सगळ्यात कमी १.