धर्मवेशातून फॅशनकडे: एका उसनवारीची पार्श्वभूमी

धार्मिक किंवा पारंपरिक पेहरावावरून नवे कपडे बेतण्याची रीत जुनी आहे; ज्यांचा पेहराव उचलला, त्यांचे म्हणणे विचारात घेण्याची रीत मात्र बरीच अलीकडची. 1911 च्या सुमारास पॅरिसमधील फॅशन डिझायनर पॉल प्वारे यांनी घोळदार सलवारी आणि पगड्या फॅशनमध्ये आणल्या. त्यामागे पूर्वेकडील समाजांच्या अभ्यासापेक्षा आदल्याच वर्षी पॅरिसमध्ये गाजलेल्या ‘शेहेराझाद’ या रशियन बॅलेची मोहिनी अधिक होती. गदारोळ झाला, पण तो बायकांनी विजारी घालाव्यात का, एवढ्याच मुद्द्यावर.

1950 च्या दशकात रोममधील फोंताना भगिनींनी अभिनेत्री आव्हा गार्डनरसाठी कॅथलिक पाद्र्यांच्या झग्यावरून काळा पोशाख शिवला. पुढून खाली उतरणारी बटणांची रांग, लाल किनार, रुंद काठाची टोपी आणि गळ्यात क्रूस, असा सगळा सरंजाम त्यात होता. उलट डिझायनर क्रिस्तोबाल बालेंसियागा यांचा 1967 मधला वधूवेश ननच्या शिरोवस्त्राची आठवण करून देतो, पण त्यावर धर्मचिन्ह एकही नाही. माझ्या मते उसनवारीचा हा दुसरा प्रकार अधिक कसबाचा आहे, कारण त्यात घेतला जातो तो फक्त कपड्याचा बेत, म्हणजे त्याची घडण.

पवित्र मानलेली गोष्टच उचलली की काय होते, हे जानेवारी 1994 मध्ये दिसले. डिझायनर कार्ल लागरफेल्ड यांनी शनेल या फॅशन कंपनीसाठी केलेल्या आणि मॉडेल क्लाउडिया शिफरने घातलेल्या पोशाखाच्या चोळीवर कुराणातील वचने भरतकामात उतरली होती. ती प्रेमकविता असल्याचा आपला समज होता, असे लागरफेल्ड यांनी सांगितले. शनेलने माफी मागून ते कपडे नष्ट केले. गुच्ची या फॅशन कंपनीने 2018 मध्ये शीख पद्धतीच्या पगड्या रंगमंचावर आणल्या आणि पुढच्या वर्षी त्यांतली एक अमेरिकेत सुमारे 800 डॉलरला विक्रीस आली, तेव्हा शीख संघटनांनी तीव्र आक्षेप घेतला.

याच काळात प्रवाहाला दुसरे वळणही मिळाले. डोल्चे अँड गबाना या फॅशन कंपनीने 2016 मध्ये मुस्लिम ग्राहकांसाठीच हिजाब आणि अबाया, म्हणजे पायघोळ झगे, बाजारात आणले. हिजाब घालून पहिल्या फळीत पोहोचलेल्या हलिमा एडन या मॉडेलने मात्र 2020 मध्ये, या व्यवसायात धर्माशी तडजोड करावी लागते, असे सांगून रॅम्प सोडला. हिजाबऐवजी आपल्या डोक्याला चक्क जीन्स गुंडाळून छायाचित्रे काढली गेली, हे तिने दिलेले एक उदाहरण.