मोत माउली (वांद्रे)

मोत माउली : मुंबईत वांद्र्याच्या समुद्राकाठी टेकडीवर असलेल्या ‘माउंट मेरी’ बॅसिलिकेतील (पोपने खास दर्जा दिलेल्या चर्चमधील) मारियामातेचे, म्हणजे येशूच्या आईचे, कोळी आणि ईस्ट इंडियन (मुंबई परिसरातले मूळचे कॅथलिक) समाजांत रूढ असलेले नाव. ‘मोत’ हे डोंगर या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दाचे बोलीत झिजलेले रूप. ‘माउली’ मात्र अस्सल इथली. वारकरी ज्या शब्दाने ज्ञानेश्वरांना हाक मारतात, त्याच शब्दाने दर्यावर जाणारा ख्रिस्ती कोळी मारियेला हाक मारतो. संकटात धीर देणारी आई हा या भक्तीचा गाभा. मराठीत धीर धरता येतो, तसा तो दुसऱ्याला देताही येतो, आणि टेकडी चढून येणारे नेमके तेच मागायला येतात.

कॅथलिक शिकवणीनुसार आराधना फक्त देवाची. मारियेला इतर सर्व संतांहून वरचा मान आहे, पण तिच्याकडे मागायचे ते ‘आमच्यासाठी विनंती कर’ एवढेच. इ. स. ४३१ मध्ये एफेससच्या धर्मसभेने तिची ‘देवमाता’ ही पदवी मान्य केली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली तिचे वर्णन वाटचाल करणाऱ्या देवाच्या प्रजेपुढची खात्रीच्या आशेची आणि दिलाशाची खूण असे केले. २० जून २०२० रोजी, जग महामारीत अडकलेले असताना, पोप फ्रान्सिस यांच्या निर्णयाने लोरेतोच्या लितानीत, म्हणजे मारियेची बिरुदे एकामागून एक म्हणायच्या प्रार्थनेत, ‘आशेची माता’ आणि ‘स्थलांतरितांचा दिलासा’ या बिरुदांची भर पडली. या साऱ्याचे मूळ शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रग्रंथांत, आहे. तान्ह्या बाळाला घेऊन ती परक्या देशात पळाली. पुढे त्याच मुलाला क्रुसावर मरताना तिला पाहावे लागले. शुभवर्तमान लिहिणाऱ्या योहानाने तिथे तिच्या तोंडी एकही शब्द घातलेला नाही; ती क्रुसाजवळ उभी होती, एवढेच तो लिहितो. धीर म्हणजे काय हे सांगायला भाविकांना ते उभे राहणे पुरते.

वांद्र्याच्या मूर्तीनेही कमी सोसलेले नाही. सोळाव्या शतकात जेझुइट या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंनी ती पोर्तुगालहून आणली आणि टेकडीवर छोटे प्रार्थनामंदिर उभारले. सन १७०० च्या सुमारास अरबी चाच्यांनी तिथे लूट केली आणि मूर्तीचा उजवा हात तोडला, असे परंपरा सांगते. मधमाश्यांच्या मोहोळाने त्यांना पळवून लावल्याची कथाही तिला जोडलेली आहे. पुढे मराठे आणि पोर्तुगीज यांच्यातील वसईच्या युद्धाच्या धामधुमीत प्रार्थनामंदिर नष्ट झाले. १७३९ मध्ये मूर्तीला खाडीपलीकडे माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये आसरा मिळाला आणि १७६१ मध्ये ती टेकडीवर परतली. कोळ्यांच्या आठवणीत ही गोष्ट वेगळी आहे : मूर्ती समुद्रात सापडेल असे एका कोळ्याला स्वप्न पडले आणि ती तशीच सापडली. कागदपत्रांशी या कथेचा मेळ घालत बसण्यापेक्षा ती कोणी जपली हे पाहावे. ज्यांची माणसे दर्यावर जात आणि कधी कधी परत येत नसत, त्यांनी आपली आईही दर्यातूनच परत आणली.

सध्याची दगडी वास्तू १९०४ सालची. तिचे वास्तुविशारद शापूरजी चांदाभाई. १९५४ मध्ये तिला बॅसिलिकेचा दर्जा मिळाला.

मारियेचा जन्मदिन ८ सप्टेंबर. त्या सुमारास रविवारपासून आठवडाभर इथे जत्रा भरते. बेस्ट जादा बस सोडते, रस्त्याच्या कडेला खाजे आणि चणे विकणाऱ्यांची रांग लागते. सर्वांत बघण्यासारखी असतात ती मेणाची दुकाने. साध्या मेणबत्त्यांच्या शेजारी मेणाचे हात, पाय, डोळे, हृदय, तान्ही बाळे, घरे आणि विमानेही मांडलेली असतात. गुडघा दुखणाऱ्याने पाय घ्यायचा, मूल हवे असलेल्या जोडप्याने बाळ, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याने घर. मनातली भीती इथे तळहातावर मावेल एवढी होते आणि माउलीसमोर ठेवता येते. नवस फेडायला आलेलेही याच दुकानांतून मेण घेतात. गर्दीत हिंदू, मुसलमान, पारशी सगळे असतात. त्यांना इथे कोणी धर्म विचारत नाही. याला अंधश्रद्धा म्हणणे सोपे आहे. पण हातात मेणाचे बाळ घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बाईचा चेहरा जवळून पाहिला की तो शब्द तोकडा वाटतो. ती सौदा करायला आलेली नसते. हे ओझे आता मी एकटी वाहत नाही, असे ती सांगत असते.

ज्या माहीमच्या चर्चने मूर्तीला आसरा दिला, तिथेच ८ सप्टेंबर १९४८ पासून दर बुधवारी ‘निरंतर साहाय्य करणाऱ्या माते’ची नोव्हेना (ठरावीक क्रमाने केलेली भक्तिप्रार्थना) होते. तिथे पूजलेले चित्र रोममधल्या प्राचीन चित्राच्या परंपरेतले आहे. देवदूत बाळ येशूला क्रूस आणि खिळे दाखवत आहेत. घाबरून त्याने आईचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला आहे आणि धावत आल्यासारखी एका पायातली चप्पल सुटून लोंबते आहे. आई त्याला धरून आहे, पण पाहते आहे ती चित्रासमोर उभ्या असलेल्या माणसाकडे. वेगवेगळ्या भाषांतल्या प्रार्थना सकाळपासून रात्रीपर्यंत चालतात. लोक आपली विनंती कागदावर लिहून देतात : परीक्षा, ऑपरेशन, दारू सुटणे, नोकरी. मागणे पूर्ण झाले की आभाराची चिठ्ठी लिहायची. तीही लोकांसमोर वाचली जाते, आणि अजून वाट पाहणारे ती ऐकत असतात.