अमेरिका कोन्या बाजूले हाय?

हरभऱ्याच्या जागलीला धुऱ्यावर शेकोटी करून बसलो की डोक्यावरून विमानांचे दिवे लुकलुकत जातात. परवा सातवीतल्या पुतण्यानं विचारलं, "काका, अमेरिका आपल्याइकून कोन्या बाजूले हाय?" मी पश्चिमेला हात दाखवला. चुकलोच.

दुसऱ्या दिवशी शाळेतला पृथ्वीगोल आणि कापसाचा दोरा घेऊन बसलो. एक टोक नागपूरवर, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर. दोरा ताणल्यावर तो उत्तरेकडे, जरासा पूर्वेला कलून निघाला. हिमालय, सायबेरिया, आर्क्टिक महासागराचा कडा, अलास्का आणि मग खाली कॅलिफोर्निया! हे अंतर सुमारे 13,100 किमी भरतं. भिंतीवरच्या मर्केटर पद्धतीच्या, म्हणजे अख्खी पृथ्वी चौकोनात मांडलेल्या नकाशावर पट्टी ठेवा, रेघ अरबस्तान, आफ्रिका, अटलांटिक ओलांडत जाते. त्या रेघेनं उडालं तर जवळपास 19,500 किमी पडतात. गोल पृथ्वी कागदावर सपाट पसरताना ध्रुवाकडचा भाग ताणला जातो, म्हणून जवळची वाट नकाशावर वाकडी दिसते. पोरांना हे फळ्यावर सांगू नका, दोरा हातात द्या.

पण जवळची वाट लवकर पोचवेलच असं नाही, आणि मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को दोऱ्यानं 12,400 किमी आहे. 2016 च्या ऑक्टोबरात एअर इंडियाचं विमान पूर्वेकडून, पॅसिफिकवरून सुमारे 15,300 किमी उडालं आणि साडेचौदा तासांत उतरलं. सरासरी ताशी 1,050 किमीच्या वर! एरवी असं विमान ताशी 900 च्या आसपास उडतं.

हा वेग वाऱ्यानं दिला. विषुववृत्ताकडची हवा तापलेली, ध्रुवाकडची थंड. त्या फरकातून आणि पृथ्वीच्या फिरण्यातून 9 ते 12 किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे हवेचे अरुंद, वेगवान पट्टे वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात ते जास्त जोर धरतात. जपानचे हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी 1920 च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते.

वैनगंगेत डोंगा धारेला लागला की वल्हवणाऱ्याचा जोर तेवढाच असतो, काठ मात्र भराभर मागे पडतो. विमानाचंही तसंच. हवेच्या तुलनेत त्याचा वेग 900 च राहतो. मागून 150 चा वारा मिळाला तर जमिनीवरून मोजलेला वेग 1,050 होतो, समोरून आला तर 750.

उलट दिशेचं उदाहरणही आहे. जानेवारी 2021 मध्ये कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सहकारी महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरूपर्यंत उत्तर ध्रुवावरून विमान आणलं. अंतर सुमारे 14,000 किमी, म्हणजे पॅसिफिकच्या त्या फेरीहून 1,300 नं कमी. वेळ मात्र सतरा तासांच्या घरात लागला.

आता जागलीला पुतण्या दिवा दिसला की आधी विचारतो, "काका, याले वारा मागून हाय का समोरून?"