एस्टोनियन चेलो ऐकायला जाताय? आधी मैफल, मग विमान

"चेलोवादक मार्सेल योहान्नेस किट्सना त्यांच्याच देशात, एस्टोनियात ऐकायचंय. मे महिन्यात मुलांना सुट्टी आहे, तिकीट स्वस्त मिळालं म्हणून काढून टाकलं. आता मैफल तेवढी बघा." असे फोन आमच्याकडे दर हंगामात येतात. संगीतासाठी एवढा लांबचा प्रवास करणारी माणसं आम्हाला मनापासून आवडतात, म्हणूनच आमच्या प्रवास कंपनीचं हे पत्रक. (चेलो म्हणजे व्हायोलिनच्याच घराण्यातलं, पण मोठं आणि बसून वाजवायचं वाद्य.)

एस्टोनियन वादक उत्तर युरोपातल्या एस्टोनियातच सापडेल, हा समज काढून टाका. देशाची लोकसंख्या जेमतेम १३-१४ लाख, म्हणजे पुणे शहराच्या निम्म्याहून कमी. राजधानी टॅलिन, शिवाय टार्टू, पार्नू इथे ऑर्केस्ट्रा आहेत, पण एकल चेलोवादकाचं वर्ष त्यांच्या भरवशावर निघत नाही. पायाभूत शिक्षण घरी, पुढचं बहुतेक वेळा जर्मनीत आणि मैफली जगभर, अशी ही वाट असते. १९९५ साली जन्मलेले किट्सही पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीत, ट्रॉसिंगेन आणि बर्लिनला गेले. २०२२ साली ब्रुसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ संगीत स्पर्धेत ते तिसरे आले. त्या स्पर्धेच्या अंतिम फेरीतले १२ वादक आठवडाभर बाहेरच्या जगाशी संपर्क न ठेवता एका नव्या, अप्रकाशित रचनेचा अभ्यास करतात. तिथे क्रमांक मिळाला की निमंत्रणं देशोदेशींहून येतात. टॅलिनची एखादी संध्याकाळ त्यातच कुठेतरी बसते.

आता खरा घोटाळा व्हिसाचा. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा अर्ज ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच देशाकडे करायचा असतो. गेल्या वर्षी एक काका-काकू टॅलिनची तिकिटं हातात घेऊन आले. अर्जही एस्टोनियाकडे भरून झाला होता. आम्ही कार्यक्रमपत्रिका उघडली, तर त्यांचे आवडते वादक त्या आठवड्यात बर्लिनला! मग मुक्काम बदलला, टॅलिनला दोन रात्री आणि जर्मनीत सहा उरल्या, अर्ज नव्याने जर्मनीकडे करावा लागला. हॉटेलं, विमा, पत्रं सगळं पुन्हा. आमचे १२ दिवस गेले आणि तिकिटाची तारीख बदलण्याचे पैसे त्यांना भरावे लागले. बर्लिनमध्ये काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं ते संगीतामुळे, ही त्यातली चांगली बाजू.

म्हणून मैफलीचं तिकीट हातात आल्याशिवाय आम्ही विमानाचं तिकीट काढत नाही. भाडं वाढतंय आणि तुम्ही थांबवून ठेवता, अशी तक्रार होते. वाढतं, खरं आहे. पण भाड्यातला फरक एका वाया गेलेल्या प्रवासाच्या खर्चापेक्षा नेहमीच कमी भरला आहे. मुंबईहून टॅलिनला थेट विमान नाही. हेलसिंकीपर्यंत विमानाने आणि तिथून सुमारे दोन तासांची फेरीबोट, हा आमचा आवडता मार्ग.

सुट्टीचं म्हणाल, तर मे आणि दिवाळी दोन्ही मैफलींच्या हंगामात येतात. जुलैत मोठे ऑर्केस्ट्रा सुट्टीवर असतात, पण पार्नूचा संगीत महोत्सव त्याच महिन्यात असतो. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. त्यामुळे आमच्याकडे त्याहूनही आधी या. येताना एवढंच सांगा: कोणता वादक, कोणते पंधरा दिवस, आणि वादक नसेल तर दुसरा चालेल का. एक विनंती, नाव नीट पाहून या. चेलोवादकांमध्ये मिशा मायस्की रिगाचे, म्हणजे लाटव्हियाचे आणि डेव्हिड गेरिंगास विल्नियसचे, म्हणजे लिथुआनियाचे. दोघेही थोर, पण एस्टोनियन नव्हेत.

निघण्याआधीच्या शनिवारी आमच्या कार्यालयात ऐकण्याची बैठक असते, आमच्यामार्फत जाणाऱ्यांना विनामूल्य. एस्टोनियन संगीतकार आर्व्हो पार्ट यांची १९६६ सालची चेलो आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना 'प्रो एत कॉन्त्रा' हमखास लावतो. रशियन चेलोवादक रोस्त्रोपोविचसाठी लिहिलेली, जेमतेम नऊ मिनिटांची. सुरुवातीलाच ऑर्केस्ट्राचा भरदार, गोड डी मेजर स्वरमेळ येतो. आता सुरेल काहीतरी सुरू होणार म्हणून माणसं सावरून बसतात, तोच कर्कश स्वरांचा ढीग कोसळतो. पहिल्यांदा ऐकणारे दचकतातच. टॅलिनच्या १९१३ सालच्या एस्टोनिया सभागृहात चेलोची लोखंडी टोकदार काठी फळीत रुतवून वादक बसला, की तुम्ही दचकण्याऐवजी पुढे सरकून ऐकाल.

बैठकीची वेळ सायंकाळी पाचची. तारीख तिकिटांबरोबर कळवू.